ट्रीट देऊन कुत्र्याला ‘हील’ शिकवायचं: खाऊ कुठे देता यावरच सगळं आहे

हील शिकवताना ट्रीट कोणती द्यायची यावर लोक भरपूर डोकं लावतात, पण ती नेमकी कुठे द्यायची याचा विचार फार कमी जण करतात, आणि माझ्या मते हील बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कुत्र्याला जिथे खाऊ मिळतो तिथे तो परत परत येतो. तुम्ही समोर वाकून देत राहिलात तर तो समोर येऊन पायात घुटमळणार, उजव्या हाताने पोटासमोरून पलीकडे दिलात तर तो मान वळवून तुमच्या वाटेत आडवा येणार, आणि डाव्या पँटच्या शिवणीला हात टेकवून दिलात तर तो त्या शिवणीजवळच चालायला शिकणार. आमच्या मोत्याला (लॅब मिक्स, २८ किलो, अंगात प्रचंड जोर) हे मी आधी चुकीचं शिकवलं आणि मग पहिल्यापासून नीट शिकवलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

आधी हील म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथे खूप गोंधळ असतो. हील म्हणजे कुत्रा तुमच्या डाव्या बाजूला, त्याचा खांदा साधारण तुमच्या पायाच्या रेषेत, पट्टा सैल, लक्ष तुमच्याकडे. तुम्ही वळलात की तो वळतो, वेग कमी केला की तोही कमी करतो, थांबलात की थांबतो, आणि स्पर्धेतल्या हीलमध्ये तर थांबल्यावर न सांगता खाली बसतो. सैल पट्ट्यावर फिरणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कुत्रा जरा पुढे जरा मागे, वास घेत, इकडे तिकडे बघत चालतो, फक्त ओढायचं नाही एवढाच नियम. हीलमध्ये त्याला सतत लक्ष द्यावं लागतं, त्यामुळे पाऊण तासाच्या फेरीत पाऊण तास हील मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. रस्ता ओलांडताना, समोरून दुसरा कुत्रा येत असताना, गर्दीतून किंवा जिन्यावरून जाताना मिनिटभर हील आणि बाकी वेळ मोकळं फिरणं, रोजच्या आयुष्यात एवढं पुरतं.

डावी बाजूच का, तर ती जुनी पद्धत आहे, शिकारीला जाताना बंदूक उजव्या हातात असायची म्हणून कुत्रा डावीकडे, असं कारण सांगितलं जातं. तुम्हाला उजवी बाजू सोयीची असेल तर बिनधास्त उजवीकडे शिकवा, पण एक बाजू पक्की होईपर्यंत दुसरीला हात लावू नका. खाली मी सगळं डावीकडचं लिहिलंय.

सामान काय लागतं

साधा सपाट कॉलर किंवा नीट बसणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) आणि दीड ते दोन मीटरचा पट्टा. बटण दाबून लांब होणारा पट्टा यासाठी नको, तो कायम थोडा ताणलेलाच असतो आणि ताण म्हणजेच नॉर्मल असं कुत्रा शिकून बसतो. जोरात ओढणारा कुत्रा असेल तर सुरुवातीला हार्नेसच घ्या. कॉलरवर ओढताना डोळ्यांच्या आतलं प्रेशर वाढतं आणि हार्नेसवर तसं वाढत नाही, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलंय, आणि श्वासनलिकेवर दाब येतो तो वेगळाच. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा कॉलर, शॉक कॉलर यातलं काहीही लागत नाही. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारी पशुवैद्यकांची संघटना आहे, तिने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की ट्रेनिंग बक्षीस देऊनच करावं, भीती किंवा वेदना देणाऱ्या पद्धती वापरू नयेत. मला स्वतःला तर आधीपासून वाटतं की ज्या कुत्र्याने आपल्या पायाशी आनंदाने चालावं अशी इच्छा आहे त्याला त्याच पायाशी दुखवायचं कशाला.

ट्रीट मटारच्या दाण्याएवढी, मऊ, न चावता गिळता येईल अशी पाहिजे. कडक बिस्किटाचा चुरा खाली पडतो, मग कुत्रा जमीन हुंगत बसतो आणि चालण्याची लय तुटते. घरात रोजचंच कोरडं खाणं चालतं, बाहेर मात्र उकडलेलं चिकन किंवा चीजचे बारीक तुकडे असं काहीतरी भारी लागतं, कारण बाहेरच्या वासांशी स्पर्धा असते. सगळ्या ट्रीट मिळून दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, सेशन मोठं झालं तर जेवणातून तेवढं कमी करा, किंवा सरळ जेवणाचाच काही भाग ट्रेनिंगला वापरा. चीज सारखं तेलकट एकदम जास्त नको, पोट बिघडतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) हे कुत्र्यांना विषारी आहेत, आणि झायलिटॉल काही पीनट बटरमध्ये असतं म्हणून डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय देऊ नका.

आणि एक, भरपेट जेवल्यावर लगेच शिकवायला घेऊ नका, थोडी भूक असताना घ्या. उपाशी मात्र ठेवायचं नाही.

मार्कर शब्द

कुत्र्याने बरोबर केलं तो क्षण पकडायला एक छोटा शब्द ठरवा, मी ‘येस’ म्हणतो, क्लिकर (दाबल्यावर टक् असा आवाज करणारी छोटी डबी) वापरलात तरी चालेल. यामागे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचीच गोष्ट आहे, एखादा आवाज आणि त्याच्या मागोमाग खाणं असं पुन्हा पुन्हा झालं की तो आवाजच कुत्र्यासाठी खाण्याची खूण बनतो. घरात शांत ठिकाणी ‘येस’ म्हणा आणि ट्रीट द्या, असं १५-२० वेळा, दोन तीन सेशनमध्ये. यात एकच गोष्ट नीट जपायची, ती म्हणजे आधी शब्द आणि मग हात. दोन्ही एकदम झालं तर कुत्रा हाताकडे बघतो आणि शब्द त्याच्यासाठी निरर्थक राहतो. ट्रीटचं पाऊच उजव्या बाजूला किंवा मागे अडकवा, म्हणजे तो पाऊचला चिकटून चालणार नाही. पट्टा उजव्या हातात, पोटासमोरून सैल झोका देऊन, आणि डावा हात खाऊ द्यायला मोकळा.

पहिली पायरी: चालायचं नाही, फक्त जागा

बहुतेक लोक इथेच घाई करतात, पट्टा लावला आणि निघाले. पण ज्या जागेवर चालायचंय ती जागा कोणती हेच कुत्र्याला माहीत नसेल तर तो चालणार कुठे?

घरात, पट्टा न लावता, कुत्रा तुमच्या समोर उभा असताना डाव्या हातात ट्रीट घेऊन त्याच्या नाकाला लावा. डावा पाय एक पाऊल मागे घ्या आणि हात बाहेरच्या बाजूने मागे न्या, मग आपल्या पायाकडे आत वळवा आणि पाय पुढे घेता घेता हात शिवणीपाशी आणा. नाक हाताच्या मागे येतं, नाकाच्या मागे शरीर, आणि कुत्रा छोटा गोल मारून तुमच्या डावीकडे, तुमच्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. त्या क्षणी ‘येस’, आणि ट्रीट शिवणीला टेकवून. लगेच सोडायचं नाही, तो तिथेच उभा असेपर्यंत एका मागोमाग आणखी तीन चार तुकडे त्याच जागी द्या, ही जागा म्हणजे खजिना आहे असं त्याला वाटलं पाहिजे.

तीन चार वेळा असं झालं की हातात ट्रीट न घेता तीच खूण करा. हात रिकामा, खूण तीच, आणि तो जागेवर आला की ‘येस’ म्हणून पाऊचमधून काढून शिवणीपाशी द्या. आमिष आणि बक्षीस यातला फरक इथे ठरतो. ट्रीट आधी दिसली आणि मग काम झालं तर ते आमिष, काम आधी झालं आणि मग कुठूनतरी ट्रीट आली तर ते बक्षीस. ‘आमचा खाऊ दिसला तरच ऐकतो’ अशी तक्रार जिथे जिथे असते तिथे आमिष काढायला उशीर झालेला असतो. मी तर म्हणेन पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने करून बघा, कुत्रे आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर पकडतात.

मग एक खेळ करा. एक तुकडा दोन तीन पावलं लांब टाका, तो खायला जाईल, खाऊन परत फिरेल, तुम्ही काहीच बोलू नका, नुसते उभे राहा. तो आपणहून डावीकडे आला (सुरुवातीला अर्धवट आला तरी) की ‘येस’ आणि शिवणीपाशी पार्टी. हा खेळ मला फार आवडतो कारण यात कुत्रा स्वतः ती जागा निवडतो, आपण त्याला ओढून ढकलून बसवत नाही. तुम्ही तोंड फिरवून उभे राहिलात तरी तो धावत येऊन डावीकडे लागतो हे दिसलं की ही पायरी झाली.

मागचे पाय

हा भाग बरेच जण सोडून देतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुत्र्याला पुढचे पाय नीट कळतात, पण मागचा भाग जणू पुढच्याच्या मागे आपोआप येतो, तो वेगळा हलवता येतो हे त्याला शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर डोकं तुमच्याकडे आणि ढुंगण बाहेर असा तो खेकड्यासारखा तिरका चालतो. मोत्या दोन महिने असाच चालत होता, मी ट्रीट जराशी पुढे आणि आत देत होतो ना, मग डोकं आत वळणार आणि मागचा भाग बाहेर फेकला जाणार.

उपाय सोपा आहे. एक बुटका, मजबूत, न घसरणारा खोका किंवा उलटा ठेवलेला टब घ्या, पुढचे दोन पाय मावतील एवढाच. आधी त्यावर पुढचे पाय ठेवले की ‘येस’ आणि ट्रीट, हे आरामात करायला लागू दे. मग तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला हीलच्या जागेत उभे राहा आणि डावीकडे, म्हणजे त्याच्या दिशेने, अर्धं पाऊल वळा. तुम्हाला जागा करून द्यायला त्याला मागचे पाय सरकवावेच लागतात, पुढचे तर खोक्यावर आहेत. मागचा एक पाय जरी हलला तरी लगेच ‘येस’. एका वेळी एक दोन पावलं, मग हळूहळू पूर्ण गोल. जमलं की खोका काढून जमिनीवर तेच करा. मोत्याला दहा बारा दिवस लागले आणि त्याचं तिरकं चालणं गेलं, शिवाय डावीकडचे टर्न फुकटात जमले.

दुसरी पायरी: एक पाऊल

खरंच एकच. कुत्रा जागेवर आहे, ‘हील’ म्हणा आणि मग डावा पाय उचला, नेहमी डावाच, कारण तो पाय त्याच्या डोळ्यासमोर असतो आणि शब्दापेक्षा पाय त्याला आधी कळतो. एक पाऊल, तो बरोबर आला, ‘येस’, शिवणीपाशी ट्रीट. पुन्हा एक. पुन्हा एक. मग दोन. ‘हील’ हा शब्द मात्र तो जागा पकडायला शिकल्यावरच आणायचा, ओढणाऱ्या कुत्र्याला हील हील हील म्हणत राहिलं तर हील म्हणजे ओढणं असाच अर्थ तो लावणार.

पावलं वाढवताना सरळ १, २, ३, ४ असं चढवत जाऊ नका, कारण मग कुत्र्याला प्रत्येक वेळचं काम आधीपेक्षा अवघडच मिळतं आणि तो कंटाळतो. २, १, ३, १, ४, २, ५, ३ असं खालीवर करा. दहातून आठ वेळा बरोबर येत असेल तर सरासरी वाढवा, दहातून पाच सहाच येत असेल तर मागे या. सेशन ३ ते ५ मिनिटांचं, दिवसातून दोन तीनदा, आणि तो अजून उत्साहात असतानाच थांबवायचं.

टर्न आणि वेग

दहा बारा पावलं सरळ जमली की वळणं सुरू करा, कारण सरळ रेषेत चालताना कुत्रा नुसता सवयीने बरोबर असू शकतो, वळताना कळतं लक्ष आहे की नाही. उजवीकडे वळताना तो बाहेरच्या बाजूला असतो, त्याला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून वळायच्या आधी मांडीवर थाप मारा, आवाजात उत्साह आणा. डावीकडे वळताना उलट, त्याला हळू व्हावं लागतं, म्हणून वळायच्या क्षणभर आधी तुम्ही हळू व्हा आणि ट्रीट शिवणीच्या किंचित मागे द्या. मग यू टर्न, मग मोठे गोल, मग एकदम हळू आणि एकदम भरभर. तुमचे खांदे आणि पाय तो वाचत असतो, त्यामुळे वळणं अचानक नको, आधी खांदे फिरवा आणि मग पाय.

कुत्रा पुढे पुढे जात असेल तर डावीकडचे गोल जास्त करा आणि खाऊ मागे द्या. मागे रेंगाळत असेल तर उजवीकडचे गोल, जरा जलद चाल, आणि खाऊ शिवणीच्या किंचित पुढे. रेंगाळणाऱ्याला पट्ट्याने ओढलं तर तो अजून मागे जोर लावतो. आणि जो आधी छान चालायचा तो अचानक मागे राहायला लागला तर ट्रेनिंग बाजूला ठेवून पंजे बघा, सांधे दुखतायत का ते डॉक्टरांना दाखवा. लांबून चालत असेल तर भिंतीलगत चाला, कुत्रा भिंत आणि तुमच्यामध्ये, थोडी जागा सोडून. हातावर उड्या मारत असेल तर तुमचा हात उंच असतो, तो शरीराला चिकटवून खाली, त्याच्या तोंडाच्या उंचीला आणा.

छोट्या कुत्र्यांसाठी वाकावं लागतं आणि वाकलं की ते अंगावर काहीतरी येतंय म्हणून लांब सरकतात. लांब दांड्याच्या चमच्याला झायलिटॉल नसलेलं पीनट बटर थोडं लावून पायाशी चाटवा, पाठही वाचते.

ओढून परत येतो, त्याचं काय

ही चूक फार फसवी आहे. कुत्रा ओढतो, तुम्ही थांबता, तो मागे येतो, तुम्ही खूश होऊन ट्रीट देता. आपल्याला वाटतं परत येण्याचं बक्षीस दिलं, पण कुत्र्याने शिकलेलं असं असतं की आधी ओढायचं, मग परत जायचं, मग खाऊ, म्हणजे ओढणं ही पहिली स्टेपच झाली. म्हणून तो परत आला की तोंडाने शाबासकी द्या, पुन्हा चालायला लागा आणि चार पाच पावलं नीट चालल्यावर खाऊ द्या. थांबायचं म्हणजे झाडासारखं थांबायचं, पट्ट्याला झटका नाही. पट्टा मागे खेचला की कुत्रा उलट पुढे जोर लावतो, त्यामुळे खेचाखेचीत आपण त्याला ओढायची प्रॅक्टिसच देतो.

बाहेर

घरात येतं म्हणजे बाहेर येतं असं नसतं. कुत्र्याला शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप नेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक नवीन ठिकाणी पुन्हा एका पावलापासून सुरू करा, फक्त तिथे ते पटापट वर चढतं. आधी दुसरी खोली, मग दाराबाहेर, मग रिकामं मैदान, मग शांत रस्ता, आणि गर्दी सगळ्यात शेवटी. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड या तीन गोष्टींपैकी एका वेळी एकच अवघड करा. गडबडीच्या जागी गेलात तर पावलं कमी करा आणि खाऊ वाढवा.

दुसरा कुत्रा दिसल्यावर तुमचा कुत्रा हातातलं चिकनसुद्धा घेत नसेल तर तो हट्टीपणा करत नाहीये, तुम्ही फार जवळ आहात. ज्या अंतरावर तो समोरच्याला बघूनही तुमचा खाऊ घेतो तिथपर्यंत मागे जा आणि तिथे काम करा. काही दिवसांनी ते अंतर आपोआप कमी होतं.

कडक उन्हात डांबर किंवा फरशीवर हाताची मागची बाजू ७ सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार.

ट्रीट कमी कधी करायच्या

लोकांना हे फार लवकर करायचं असतं. नवीन ठिकाणी, नवीन गडबडीत खाऊ भरपूरच लागतो. जिथे पक्कं झालंय तिथे आधी प्रत्येक पावलाऐवजी कधी तीन पावलांनी, कधी दहा, कधी पाच असं करा. बक्षीस नक्की कधी येईल हे कळत नसलं की वागणूक जास्त टिकते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. मधेच एखाद्या सुंदर वळणाला एकदम चार पाच तुकडे द्या.

आणि खाऊशिवाय दुसरं मोठं बक्षीस रस्त्यावर फुकट पडलेलं असतं, ते म्हणजे वास घेणं. हीलला सोडायचा एक शब्द ठेवा, मी ‘फ्री’ म्हणतो. झाडाच्या दहा पावलं अलीकडे ‘हील’, नीट आला की ‘फ्री’ आणि जा, हुंग हवं तेवढं. ज्या गोष्टीसाठी तो ओढत होता तीच आता हीलचं बक्षीस झाली. मोत्याच्या बाबतीत चिकनपेक्षा याचा परिणाम जास्त टिकला, आणि आता पाऊच घरी विसरलं तरी फेरी नीट होते.

पिल्लांसाठी

आठ आठवड्यांचं पिल्लू घरात जागा पकडायचा खेळ शिकू शकतं, लसीकरण पूर्ण व्हायच्या आधीही, बाहेर न्यायचं कधी ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पण त्यांना मान वर करून लांबवर चालवू नका, पाच सहा पावलं पुरे, एका वेळी मिनिट दोन मिनिटं. म्हाताऱ्या कुत्र्यांचंही तसंच, ते शिकतात आणि छान शिकतात, फक्त खोक्याऐवजी जमिनीवरची सपाट चटई वापरा, गोल मोठे ठेवा आणि थांबल्यावर बसायला लावू नका, उभं राहिलेलं चालतं.